मास्तरचा अर्धा तास

फळ्यावरचे अक्षर माझे होते, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढचे वाचताना कुणाला वाटेल की मी दुसऱ्या कुणाची तरी चूक सांगतो आहे.

तो फळा व्हर्ना स्टकीच्या दुकानाबाहेर, बर्फाच्या पेटीशेजारी टांगलेला आहे. व्हर्ना गळाला लावायची कोळंबी, बर्फ, डिझेल आणि सकाळची कॉफी विकते. धक्काही तिचाच. धक्क्यावर चौदा होड्या आहेत, सगळ्या हौशी गिऱ्हाइकांना गळ टाकायला समुद्रात नेणाऱ्या. केपवरच्या उड्डाणतळावरून रॉकेट उडायचे असले की समुद्राचा एक मोठा तुकडा काही तासांसाठी बंद होतो. कुठला तुकडा आणि किती वेळ, हे सांगणारी सूचना निघते. तीत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश असतात, वेळ ग्रीनविचची असते, आणि खाली 'उड्डाण न झाल्यास' म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांच्या आणखी वेळा असतात. मी ती वाचतो, उन्हाळ्यात चार आणि हिवाळ्यात पाच तास वजा करतो, आणि खडूने साध्या भाषेत लिहितो: 'गुरुवार. पूर्वेला बंद. इतक्यापासून इतक्यापर्यंत. दक्षिणेचा खडक मोकळा.'

हे काम मला कुणी दिले नव्हते. केपवर मी एकतीस वर्षे कार्यपद्धतीची पुस्तके तपासली. कुठली झडप आधी उघडायची, कुठली नंतर, कुणाला विचारून, याची ती पुस्तके. रॉकेटला मी कधी हात लावला नाही. निवृत्त झाल्यावर एके सकाळी व्हर्नाकडे कॉफी पीत होतो, तेव्हा लमार ऑस्टीन तसली एक सूचना हातात धरून त्या कागदाला शिव्या देत होता. लमार 'मिस ओपल' नावाच्या होडीचा कप्तान. मी न राहवून त्याला वेळ काढून दिली. पुढच्या आठवड्यात व्हर्नाने फळा आणून टांगला, आणि लमारने मला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. मला माणसांशी बोलणे जमत नाही. फळ्याशी जमते. त्यामुळे सहा वर्षे चालले.

आता त्या अर्ध्या तासाविषयी.

पहिल्या दिवशी मी चार तास वजा केले. बरोबर होते. पुन्हा केले, पुन्हा बरोबर आले. तरी खडू हातात घेतल्यावर वाटले, आपण चुकलो असलो तर? एखादी होडी आपल्या अक्षरावर भरवसा ठेवून आत गेली तर? म्हणून बंद होण्याची वेळ मी अर्धा तास आधीची लिहिली आणि उघडण्याची अर्धा तास नंतरची. मग दर वेळी तसेच लिहू लागलो. कुणाला सांगितले नाही. तेव्हा महिन्या-सव्वा महिन्यातून एखादे उड्डाण असायचे, अर्ध्या तासाने कुणाचे काय बिघडणार होते?

पण उड्डाणे वाढली. महिन्याला दोन झाली, मग आठवड्याला एक, आणि आता आठवड्याला तीन, कधी चार. एका कंपनीचे रॉकेट वर जाते तोवर दुसरीचे उभे राहिलेले असते, आणि तिसरी कंपनी जुन्या तळावर नवे काँक्रीट ओतत असते. पूर्वी उड्डाण म्हटले की गावातले लोक खुर्च्या घेऊन नदीकाठी जायचे. आता कपाटातल्या बशा खडखडल्या की लोक टीव्हीचा आवाज तेवढा वाढवतात. आणि जी उडतात ती तरी परवडली. जी उडत नाहीत त्यांनी जीव नकोसा केला आहे. वरच्या थरात वारा आहे, रद्द. ढग आहे, रद्द. झडप अडकली, रद्द. उद्या. उद्या आले की परवा. रॉकेट जागचे हलत नाही, समुद्र मात्र दर वेळी इमानाने बंद होतो. एकाच उड्डाणासाठी मी पाच-पाचदा फळा पुसला आहे.

एप्रिलमधल्या एका बुधवारी व्हर्नाने मला काउंटरच्या आत बोलावले.

"ऑरिन, खरं सांग. तुला वजाबाकी येते ना?"

"म्हणजे?"

"मी नाही विचारत. ते नवे होडीवाले विचारतात. त्यांच्या फोनमध्ये समुद्र सात-दहाला उघडतो, तुझ्या फळ्यावर सात-चाळीसला. काल एकजण म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्याचं घड्याळ तपासून घ्या."

माझे कान तापले. "मी बघतो," म्हटले.

"बघतो नाही, नीट कर. एकेकाळी चाललं असतं. आता रोज उठून कुणाचं तरी रॉकेट. गिऱ्हाइकं बर्फाच्या पेटीवर बसून माझ्या तोंडाकडे बघतात, आणि त्यातलं एक मेलं कोळंबी घेत नाही."

तेव्हाच सांगायला हवे होते. 'व्हर्ना, तो अर्धा तास मीच घालतो,' एवढे एकच वाक्य. पण ते म्हणायचे म्हणजे सहा वर्षे मी जाणूनबुजून चुकीचे लिहीत होतो, हे चौदा कप्तानांसमोर कबूल करायचे. ते मला झेपले नाही. मी घरी गेलो, संध्याकाळी आलेली सूचना सात वेळा वाचली, आणि गुरुवारी सकाळी फळ्यावर खरी वेळ लिहिली. पूर्वेला बंद, सकाळी सहा-वीस ते आठ-पन्नास. एक मिनिट वर नाही, एक मिनिट खाली नाही.

लमार चार गिऱ्हाइकांना घेऊन आला. ओहायोची माणसे होती, छपरे घालण्याचा धंदा करणारी, सगळ्यांच्या डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या. लमारने फळ्याकडे पाहिले, कॉफीचा कप माझ्याकडे उचलला आणि म्हणाला, "मास्तर, आज अक्षर बरं आलंय. बायको मिळाली का काय?" मी हसलो. कबूल करतो, मला त्या सकाळी स्वतःचे थोडे कौतुकही वाटत होते.

त्या दिवशीच्या उड्डाणाला एकच क्षण होता, आठ वाजून चोवीस मिनिटे. तो हुकला की दिवस हुकला. आठ-चोवीस झाले. बशा खडखडल्या नाहीत. व्हर्नाच्या दुकानातला रेडिओ म्हणाला, बंद क्षेत्रात एक मासेमारीची होडी शिरल्यामुळे आजचे उड्डाण रद्द.

"कोण गाढव आहे हा?" व्हर्ना म्हणाली.

दहा मिनिटांनी गाढवाचे नाव कळले. 'मिस ओपल'.

दुपारी गस्तीच्या नौकेने लमारला धक्क्यापर्यंत आणून सोडले. ओहायोवाले भलतेच खूष होते. त्यांनी सगळे फोनवर टिपले होते, आणि छपराच्या धंद्यात असे काही घडत नाही असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. लमारच्या हातात एक कागद होता. सोमवारी सकाळी दहा वाजता, कप्तानाचा परवाना सोबत घेऊन, पुलापलीकडच्या किनारा गस्तीच्या कार्यालयात हजर राहावे. परवाना कायमचा रद्द का करू नये, याचे उत्तर द्यावे.

लमार अडुसष्ट वर्षांचा आहे. चौतीस वर्षे तो एवढी एकच गोष्ट करत आला. जमिनीवर त्याला दोन तासांवर करमत नाही, हे त्याची बायको ओपल स्वतः सांगते, आणि तक्रार म्हणून सांगत नाही. परवाना गेला असता तर त्याला दुसऱ्याच्या होडीवर आमिष कापायलाही कुणी घेतले नसते, आणि त्याने कापलेही नसते.

शनिवारी तो माझ्या घरी आला. मोटारीच्या शेडमध्ये मी जुन्या पुस्तकांची खोकी लावत होतो. त्याने ओपलने पाठवलेला, धुरी दिलेला बोय मासा कागदात गुंडाळून आणला होता. तो खोक्यावर ठेवला आणि स्वतः दुसऱ्या खोक्यावर बसला.

"मास्तर, मला त्यांनी फसवलंय."

"कुणी?"

"सूचना काढणाऱ्यांनी. कागदावर एक वेळ, मनात दुसरी. तुझ्या फळ्यावर आठ-पन्नास होतं. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे खरी वेळ आठ-वीस. बाकीचे दक्षिणेच्या खडकाला गेलेले, मी एकटा पूर्वेला. आठ-एकवीसला आत शिरलो. एक मिनिट वर जाऊ दिलं, वर! आणि हे म्हणतात अजून बंद होतं."

माझ्या हातात एक जाड शब्दकोश होता. तो मी खाली ठेवला. "खरी वेळ आठ-वीस कशी?"

"तुझा अर्धा तास नको काढायला?"

"माझा... तुला माहीत होतं?"

लमार हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला असावा. "अरे बाबा, अख्ख्या धक्क्याला माहीत आहे. व्हर्ना सोडून. तिला सांगितलं असतं तर तिनं तुला झापलं असतं. पहिल्या वर्षातच कळलं आम्हाला. तू आठ-पन्नास लिहायचास आणि रेडिओवाला आठ-वीसला समुद्र उघडा म्हणायचा. आम्ही म्हटलं, जाऊ दे, मास्तर घाबरट आहे, त्याला त्याचा अर्धा तास घालू दे. आपण काढून टाकू."

सहा वर्षे मी लपवून घालत होतो, आणि सहा वर्षे ते न बोलता काढत होते.

"आणि त्या नव्या फोनवाल्यांना कशाला सांगायचं?" तो पुढे म्हणाला. "फोन खरा का फळा, या घोळात ते बसतात पेटीवर, आम्ही जातो निघून. तर ऐक. सोमवारी तू माझ्याबरोबर चल. तुझी वही घे. त्यांना सांग, हा फळा, हा अर्धा तास, ही खरी वेळ. सूचनाच खोटी होती हे मी त्यांच्या तोंडावर सिद्ध करतो. तू केपवरचा माणूस, तुझ्या शब्दाला वजन आहे."

"लमार—"

"घाबरू नकोस. बोलणार मी आहे. तू फक्त मान हलव."

मी मान हलवली. म्हणजे नकारार्थी हलवायला गेलो होतो, पण त्याने ती होकाराची घेतली आणि तो उठून गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्नाचा फोन आला. "लमार मला अर्ध्या तासाचं काहीतरी सांगत होता. ऑरिन, बुधवारी मी तुला बोलले, आणि तू गुरुवारी तो अर्धा तास काढलास, होय ना?"

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"सांगणार आहे."

"कधी? त्याच्या तिरडीला खांदा देताना? उद्या तो तिथं जाऊन सरकारी कागद खोटा आहे म्हणून टेबलावर हात आपटणार. मग एक नाही, दोन गुन्हे होतील. आज सांग." तिने फोन ठेवला.

मी तीनदा त्याचा नंबर फिरवला. दोनदा ओपलने उचलला, आणि मी माशाची चव फार छान होती असे सांगितले. दोन्ही वेळा.

सोमवारी आम्ही त्याच्या ट्रकमधून निघालो. लमारने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याची मान त्यात आखडली होती. पुलाच्या चढावर गाड्या उभ्या. पुढे बघावे तर नजर पोचेल तिथपर्यंत उभ्याच. गुरुवारचे रद्द झालेले रॉकेट शुक्रवारी वाऱ्याने, रविवारी कसल्याशा गळतीने राहिले होते, आणि आता सोमवारी नऊ-पन्नासला उडायचे होते. बाहेरगावाहून आलेले लोक पुलावरच गाड्या थांबवून दुर्बिणी काढत होते.

"माझ्यामुळे राहिलेलं रॉकेट बघायला आलेत," लमार म्हणाला, "आणि त्याच्यामुळेच मी सुनावणीला उशिरा पोचणार. हे कुणी मुद्दाम करत असेल तर त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे."

नऊ-अठ्ठावीस झाले होते. मी म्हटले, "लमार, गुरुवारी अर्धा तास नव्हता."

"काय नव्हता?"

"फळ्यावर. मी काढून टाकला होता. व्हर्ना बोलली म्हणून. आठ-पन्नास म्हणजे आठ-पन्नासच होतं. सूचना खरी होती. फळाही खरा होता."

लमारने गाडीचे इंजिन बंद केले. तसेही आम्ही हलत नव्हतो. समोरच्या गाडीच्या टपावर एक बाई घडीची खुर्ची चढवत होती.

"सहा वर्षं," तो म्हणाला, "सहा वर्षं हा माणूस रोज चुकतो. मी म्हणतो, चुकू दे, आपला आहे. त्याच्या चुकीची सवय लावून घेतो. आणि एक दिवस हा सुधारतो! न सांगता! अरे, सुधारायचं होतं तर ओरडून सुधारायचं होतंस! ढोल वाजवून!"

"मला लाज वाटली."

"लाज वाटली! तुला लाज वाटली म्हणून माझा परवाना!"

त्याने हात झटकला तो हॉर्नवर पडला, आणि पुढच्या वीस-पंचवीस गाड्यांनी उत्साहाने हॉर्न वाजवून साथ दिली. त्यांना वाटले, रॉकेट उडाले.

मी दार उघडले. म्हटले, मी पायी जातो, तुझ्या आधी पोचेन, त्यांना सांगेन तू येतो आहेस.

"बस खाली," तो म्हणाला. "तुला अर्धा मैल चालून काही झालं तर तेही माझ्याच नावावर लिहितील."

आम्ही दहा वाजून सतरा मिनिटांनी पोचलो. सुनावणी घेणाऱ्या लेफ्टनंट व्हिडाल पस्तिशीच्या होत्या. टेबलावर कॉफीचे तीन कप होते, तिन्ही अर्धे, आणि कागदांचा एक गठ्ठा. सगळ्या सूचनाच होत्या. मी लांबूनही तो नमुना ओळखतो. उशीर कशाने झाला ते लमारने सांगितले. त्यांनी नुसता हात वर केला. त्याही त्याच पुलावरून आल्या होत्या.

"कॅप्टन ऑस्टीन, तुम्ही सूचना वाचली होती?"

"फळा वाचला होता, मॅडम."

"कुठला फळा?"

लमारने माझ्याकडे पाहिले. टेबलावर हात आपटण्याचा त्याचा बेत पुलावरच संपला होता, आणि दुसरा बेत त्याच्याकडे नव्हता. मी उभा राहिलो. उभे राहायची गरज नव्हती हे नंतर कळले.

मी सगळे सांगितले. सहा वर्षांचा अर्धा तास, बुधवारची व्हर्ना, गुरुवारची खरी वेळ. मग म्हटले, "मॅडम, कार्यपद्धतीच्या पुस्तकात एक ओळ जरी बदलली तरी तिच्याशेजारी समासात काळी उभी रेघ मारतात. रेघ नसली तर वाचणारा जुनंच समजून चालतो, आणि त्यात तो चुकला असं धरत नाहीत. रेघ न मारणारा चुकला असं धरतात. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या न मारलेल्या रेघा शोधत होतो. गुरुवारी मी रेघ मारली नाही."

लेफ्टनंटबाईंनी पेन खाली ठेवले. "म्हणजे फळा बरोबर होता."

"हो."

"आणि तरी चूक तुमची."

"हो."

"आणि त्याआधी सहा वर्षं फळा चुकीचा होता, तेव्हा कुणीच चुकलं नाही."

"नाही, मॅडम."

त्यांनी दोन्ही डोळे चोळले. "मिस्टर फेअरक्लॉथ, मला याचा अहवाल लिहायचा आहे. हे मी कसं लिहू?"

मी म्हटले, मी मसुदा करून देऊ शकतो. त्यांनी नको म्हटले, जरा घाईनेच.

"कॅप्टन," त्या लमारकडे वळल्या, "रेडिओवर तुम्हाला तीनदा हाका मारल्या. त्याचं काय?"

"रेडिओवर ते नेहमीच हाका मारतात, मॅडम. कंपनी आपला थोडा वेळ वाढवून मागते, केपवाले त्यात आपला घालतात, मग तुम्ही तुमचा घालता—"

"आणि तुम्ही?"

"मी काढतो. कुणीतरी काढायला नको? नाही तर मासे धरायचे कधी?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. लेफ्टनंटबाईंनी ऐकले, "बरं" म्हटले आणि ठेवून दिला. "नऊ-पन्नासचं पुढं ढकलत होते, आता आजचंही रद्द," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "ढग."

लमार खुर्चीत पुढे सरकला. "मी तर इथं बसलोय ना, मॅडम? आज कुणी अडवलं?"

"ढगाने, म्हटलं ना."

"मग त्याचाही परवाना काढा."

मला वाटले, संपले. लेफ्टनंटबाईंचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले आणि बराच वेळ तिकडेच ठेवले. वळल्या तेव्हा त्यांनी निकाल सांगून टाकला. कप्तानाने मूळ सूचना वाचलीच पाहिजे, फळा वाचून चालणार नाही. रेडिओवरची हाक ऐकलीच पाहिजे, ती कुणाच्या सवयीने कमी-जास्त होत नाही. जाणूनबुजून घुसखोरी केलेली नाही असे साक्षीवरून दिसते, म्हणून परवाना रद्द नाही. तीस दिवस जमा. पुन्हा घडले तर मात्र कायमचा. आणि फळ्यावर ठळक अक्षरात लिहायचे की हा फळा अधिकृत नाही.

"तीस दिवस," बाहेर आल्यावर लमार म्हणाला. "सुरमई आत्ता किनाऱ्याला लागलीय."

"कायमचा गेला असता."

"हो, हो. तुझे उपकार." त्याने गळ्याचे बटण तोडूनच काढले. "बस गाडीत."

त्या तीस दिवसांविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. दोन तासांवर जमिनीवर न करमणारा माणूस रोज सकाळी पाचला येऊन माझ्या फळ्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. त्याने वाचायचा चष्मा करून घेतला. मूळ सूचना तो मोठ्याने वाचायचा, अक्षांश-रेखांशांसकट, आणि बोटांवर चार तास वजा करून मग माझ्या फळ्याकडे संशयाने बघायचा. कुणी कप्तान फळ्यासमोर येऊन मनातल्या मनात काही हिशेब करताना दिसला की ओरडायचा, "काढू नकोस! यात काही घातलेलं नाही! मास्तर सुधारलाय!" दिवसातून दहादा. कप्तान नसले तर गिऱ्हाइकांच्या बायकांनाही सांगायचा. मी एकदा व्हर्नाला म्हटले, मी फळा लिहायचे सोडतो. ती म्हणाली, "मग हा तिथं बसून काय करेल? लिही मुकाट्यानं."

एकतिसाव्या दिवशी परवाना परत मिळाला. लमारने सहा गिऱ्हाइके ठरवली होती. आदल्या संध्याकाळी सूचना आली होती: पूर्वेला बंद, सकाळी पाच-चाळीस ते अकरा-पंधरा. इतका लांब वेळ मी त्या वर्षात पाहिला नव्हता. नवी कंपनी, पहिलेच रॉकेट, कधी उडेल याची तिलाच खात्री नव्हती.

"अकरा-पंधरा म्हणजे?" लमारने विचारले.

"अकरा-पंधरा."

"कागद दाखव."

मी दाखवला. चष्मा लावून त्याने तो वाचला, बोटे मोजली, पुन्हा वाचला. मग चष्मा खिशात ठेवून गिऱ्हाइकांकडे पाहिले. ती बर्फाच्या पेटीवर ओळीने बसली होती.

"तुझा अर्धा तास होता तेव्हा बरं होतं, मास्तर. काढायला काहीतरी हाताशी असायचं."

"पुन्हा घालू का?"

"आता घालून काय उपयोग? आता मला माहीत आहे."

नऊला रेडिओने सांगितले, आजचे उड्डाण रद्द. गिऱ्हाइके उठली. लमारने त्यांना बसवले. "समुद्र उघडल्याचा कागद कुठाय?" त्याने मला विचारले. कागद आला नव्हता. साडेनऊला आला नव्हता. दहालाही नाही. नवी कंपनी, कुणी कुणाला कळवायचे हेच बहुधा ठरलेले नव्हते. फोनवाले होडीवाले एकेक करून निघून गेले. दोघांनी जाताना लमारला हात दाखवून खुणावले, अरे चल की. लमारने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी हात खाली घेतले.

अकरा वाजता त्याने गिऱ्हाइकांना होडीत चढवले आणि इंजिन सुरू करून ठेवले. मी धक्क्यावर उभा होतो, एका हातात सूचना, दुसऱ्यात घड्याळ. तो दोर सोडून हातात धरून उभा होता. होडी धक्क्याला घासत होती.

"झाले अकरा-पंधरा?"

"अजून एक मिनिट आहे," मी म्हटले.

त्याने मला एक सणसणीत शिवी हासडली, आणि थांबला.